‘वाडी’ची घडण : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राच्या निमित्ताने

वैभववाडी तालुक्यातील कोणत्याही गावात परक्या माणसाने एखाद्याचे घर विचारले, तर नुसते गावाचे नाव सांगून भागत नाही. वाडी सांगावी लागते. वाडी सांगितली की ऐकणाऱ्याला त्या माणसाची भावकी, आणि बहुतेक वेळा जातही, न विचारता कळते. गुरववाडी, सुतारवाडी, ब्राह्मणवाडी, बौद्धवाडी अशी नावे कोकणात गावोगाव आढळतात. त्यांच्यामागे वस्तीविषयीची एक जुनी समजूत उभी आहे. माणसे कुळाने एकत्र राहतात आणि त्यांच्यातील व्यवहाराचे नियम कुळाकुळांमधील अंतराने ठरतात, अशी ती समजूत. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तिची चर्चा आमच्या वर्गातही झाली. कुळाचा आधार न घेता वाडी वसू शकते काय, असा प्रश्न त्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारला होता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

करूळचा घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरला जावे आणि तेथून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. मिरज आणि सांगली मागे पडल्यावर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. पूर्वी त्या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. कारखान्याने वसवलेल्या वस्तीचे नाव पुढे रेल्वेने स्वीकारले. येथेही शब्द ‘वाडी’ हाच आहे. परंतु ही वाडी कुळातून जन्मली नाही, कामातून जन्मली. तिच्या मागे असलेल्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या माणसाचे चरित्र उद्योगपतीचे यशोगान म्हणून पुष्कळ वेळा सांगितले गेले आहे. एका संस्थेची आंतरिक संस्कृती एका माणसाच्या स्वभावातून, अनुभवातून आणि एखाद्या जुन्या जखमेतूनही कशी घडते, या दृष्टीने मात्र ते क्वचितच वाचले जाते. चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकाला हा दुसरा मार्ग अधिक फलदायी वाटावा असे वाटते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी नाट्याच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्या कारणासाठी परिचित आहे. संगीत रंगभूमीचे आद्य शिल्पकार अण्णासाहेब किर्लोस्कर हे याच गावचे आणि याच घराण्यातले. अण्णासाहेब १८८५ साली वारले. त्याच वर्षी लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. घराण्यातील कलेचा वारसा आता कुंचल्याकडे वळणार, असे त्या क्षणी कोणालाही वाटले असते. घडले ते निराळेच. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे दोन वर्षांत लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. रेषा मात्र शाबूत होती. त्यांनी यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास पुढे चालू ठेवला, आणि १८८७ साली नुकत्याच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते रुजू झाले.

रंगांधळेपणामुळे हुकलेला चित्रकार ही बाब चरित्रकार बहुधा दैवाचा खेळ म्हणून सांगतात. तिच्याकडे निराळ्या अंगाने पाहता येईल. आपल्या एका उणिवेमुळे आपण सबंधच निरुपयोगी ठरत नाही, हे या तरुणाला विशीच्या आतच स्वानुभवाने कळले होते. पुढील काळात त्यांनी जवळ केलेल्या माणसांची यादी पाहिली की या अनुभवाचे मोल ध्यानात येते.

इन्स्टिट्यूटमध्ये शिकवता शिकवता ते तेथील यंत्रशाळेत रमू लागले. यंत्र उघडावे, त्याची जोडणी समजून घ्यावी आणि ते पुन्हा पहिल्यासारखे करावे, हा त्यांचा खरा अभ्यासक्रम होता. १८८८ साली त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकल पाठवावी आणि रामूअण्णांनी ती बेळगावात विकावी, प्रसंगी ती चालवायलाही शिकवावे, अशी ही भावाभावांची वाटणी होती. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड हे नाव टिकून आहे.

नोकरीतून ते १८९७ साली बाहेर पडले. बढतीची पाळी त्यांची होती. पात्रतेविषयी प्रश्न नव्हता. पण ती जागा एका युरेशियन सहकाऱ्याला देण्यात आली. वसाहतीच्या नोकरशाहीत यात नवल असे काही नव्हते. शेकडो हिंदी कारकुनांनी आणि शिक्षकांनी असा अन्याय मुकाट्याने पचवला होता. लक्ष्मणरावांनी तो पचवला नाही. त्यांनी त्याची तक्रारही फारशी केली नाही. राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या साऱ्या पुढील कर्तृत्वाची किल्ली या प्रसंगात आहे. हाताखालच्या माणसाचे मोल त्याच्या जन्मावरून ठरवणारी संस्था त्यांनी आतून पाहिली होती. माणूस अशा अनुभवातून दोन प्रकारे बाहेर पडतो. एक तर अधिकार हाती आल्यावर तो तेच माप दुसऱ्याला लावतो, किंवा ते मापच मोडीत काढतो. अपमान सोसलेल्या पुष्कळांनी पहिला मार्ग धरल्याचे आपण समाजात आणि संस्थांतून नित्य पाहतो, त्यात शिक्षणसंस्थाही आल्या. लक्ष्मणरावांनी दुसरा धरला, हे त्यांचे वेगळेपण.

बेळगावच्या लहानशा कारखान्यात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग लोखंडी नांगर. नांगराची कथा प्रसिद्ध आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले काही नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी ग्राहकाला अडाणी ठरवले नाही. आपला नांगर त्याच्या मातीत कोठे कमी पडतो, हे ते पाहत राहिले. अविश्वास हा समोरच्याचा दोष मानण्याऐवजी तो आपल्यापुढचे काम आहे असे मानण्याची ही वृत्ती होती. पुढे वाडीतील माणसांच्या बाबतीतही तिचाच प्रत्यय येतो.

कारखान्याची बेळगावातील जागा नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी हवी होती. ती सोडावी लागली आणि उद्योग अक्षरशः रस्त्यावर आला. या अडचणीच्या वेळी औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते १९०९ साली गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. एका चित्रकार राजाने एका हुकलेल्या चित्रकाराला जमीन द्यावी आणि त्या जमिनीवर नांगर निपजावेत, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

जमीन माळरानाची होती. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे काही नव्हते. १९१० साली तेथे वस्तीस आरंभ झाला. आधी कारखाना, मग घरे असा क्रम नव्हता. दोन्ही बरोबरच उभी राहिली, कारण जवळपास राहण्याजोगे दुसरे ठिकाणच नव्हते. ही अडचणच पुढे या संस्थेचे स्वरूप ठरवणारी झाली. मालक, कारकून, ओतारी आणि पहारेकरी एकाच माळावर राहू लागले. पाणी सर्वांचे एक, चिखल आणि विंचूही सर्वांचे एक. वस्तीची आखणी, पाणी आणि स्वच्छता रामूअण्णांनी सांभाळली. संस्थेच्या इतिहासात अशी माणसे मागच्या पानांवर जातात; परंतु ज्या वाडीत रोज सकाळी नळाला पाणी येते, तेथेच कामाविषयीच्या मोठ्या गोष्टी बोलता येतात, याचा विसर पडू नये.

लक्ष्मणरावांभोवती जमलेली माणसे पाहू. शंभूराव जांभेकरांनी यंत्रे आणि ओतशाळा यांत हात बसवला. अनंतराव फळणीकर अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून आलेले. मंगेशराव रेगे पत्रव्यवहार आणि हिशेब पाहत. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत. अशा माणसाला आपल्याकडे हरहुन्नरी म्हणतात आणि नोकरीच्या कोणत्याही तक्त्यात त्याला जागा नसते. यांपैकी कोणाची पदवी पाहून निवड झाली नव्हती. इन्स्टिट्यूटमध्ये ज्या मापाने त्यांना स्वतःला मोजले गेले, ते माप येथे नव्हते. काम करता येते काय आणि शिकण्याची तयारी आहे काय, एवढेच पाहिले जाई.

आणि दोन पहारेकरी होते: तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. कारखान्याच्या मालमत्तेचा रात्रीचा पहारा लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती दिला.

या निर्णयाचे गांभीर्य कळण्यासाठी त्या काळाची चौकट ध्यानात घेतली पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. शासन माणसाच्या जन्मावरून त्याच्या हातून पुढे काय घडणार हे ठरवत होते. त्याच शासनाच्या एका संस्थेने लक्ष्मणरावांना जन्मावरून मोजले होते. दोन्ही प्रसंगांतील अपमानाचे मान अर्थातच फार वेगळे आहे. शिक्षकाची बढती हुकणे आणि सबंध जमातीने रोज चावडीवर हजेरी देणे यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु तर्क एकच आहे, आणि लक्ष्मणरावांना तो ओळखता आला. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही त्याच्यावर आधी विश्वास टाकायचा, पात्रतेचा पुरावा मागाहून येऊ द्यायचा, असा क्रम त्यांनी लावला. आपल्या संस्थांचा नेहमीचा क्रम याच्या उलट असतो. किल्ल्या हाती येण्यासाठी उमेदवाराने आधी आपण किल्ल्यांना पात्र आहोत हे सिद्ध करायचे. किल्ल्या हाती नसताना ते कसे सिद्ध करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट आठवल्यावाचून राहणार नाही. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. तिला आधार मिळाला तो औंध संस्थानातच आटपाडीजवळ उभ्या राहिलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा. तो प्रयोग मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने १९३९ च्या सुमारास सुरू झाला. त्याच वर्षी औंधच्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना मिळाली. म्हणजे किर्लोस्करवाडीतील पहारा हा स्वतंत्रपूरच्या जवळजवळ एक पिढी आधीचा. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु शिक्षा भोगलेल्या माणसावर विसंबण्याची कल्पना ज्या एका लहानशा संस्थानात दोनदा रुजली, त्या संस्थानाच्या हवेचा विचार मराठी सांस्कृतिक इतिहासात व्हायला हवा. याच संस्थानात १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्याचीही वाडी झाली, ओगलेवाडी. तिथला प्रभाकर कंदील घाट उतरून कोकणातल्या पडव्यांपर्यंत पोहोचला होता.

कोकणातील वाचकाला कारखाना म्हटला की मुंबईची गिरणी आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. वैभववाडी परिसरातील घराघरांतून माणसे लालबाग-परळला गेली. त्यांना गिरणीत कामाला लावणारा मालक नसे, जॉबर असे. तो आपल्या गावचा, ओळखीपाळखीचा असे. कामावर घेणे, खाडे मांडणे, काढून टाकणे हे सारे त्याच्या हाती, आणि त्याबद्दल त्याला काहीतरी द्यावे लागे. गिरणी गावाचेच नाते वापरीत होती, परंतु ते विकत घेऊन. मालक आणि साचेवाला यांच्यामध्ये कोणताही प्रत्यक्ष व्यवहार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तीही झगडून. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या आणि त्यांच्याभोवतीचे जीवन कसे विस्कटत गेले, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना सांगायला नको. किर्लोस्करवाडीचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. येथे मध्ये जॉबर नव्हता. मालक ओतशाळेत हात काळे करीत उभा असे. कामातील चूक त्याच्या नजरेसमोर घडे आणि ती दुरुस्त करण्याची रीतही त्याच्याकडूनच कळे.

जगात असे प्रयोग याआधीही झाले होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे रॉबर्ट ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कामगारांसाठी शाळा आणि घरे उभारली. त्या शतकाच्या अखेरीस कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल वसवले. आपल्याकडे जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याने १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू केला. या सर्व ठिकाणी भांडवल आधी आले आणि मग त्याच्या आधारे कल्याणाची योजना झाली. किर्लोस्करवाडीत भांडवल नव्हतेच. पहिल्या महायुद्धात विलायतेहून येणारे लोखंड, कोळसा आणि रंग दुर्मीळ झाले, तेव्हा पर्याय शोधण्याचे काम याच माळावरच्या माणसांनी केले. माणसे टिकली ती पगारावर नव्हे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पगार लागतोच. पण पगाराने न मिळणारे काहीतरी तेथे मिळत होते, नाहीतर अशा काळात माणसे शहराकडे गेली असती.

किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी १९२० साली स्थापन झाली. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याच वर्षीची दुसरी घटना अधिक महत्त्वाची. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते. नांगराची आणि चरकाची माहिती, ग्राहकांचे अनुभव, कामाच्या गोष्टी. काही वर्षांत ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठी सुशिक्षित घराचे मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. एका माळावरच्या कारखान्यातून तीन मासिके निघतात आणि ती मराठी मध्यमवर्गाचे विचारविश्व घडवू लागतात, या घटनेचे स्पष्टीकरण केवळ शंकररावांच्या संपादनकौशल्याने होत नाही. ज्या संस्थेत सनदेपेक्षा कामाला आणि रूढीपेक्षा प्रत्यक्ष अनुभवाला मान आहे, तिचेच हे शब्दरूप होते. मासिकातील बुद्धिवाद हा आयात केलेला विचार नव्हता. तो यंत्रशाळेच्या अंगणात आधी राहून गेला होता.

आणि ही मासिके घाटाखालच्या लेखणीलाही जोडलेली होती. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ या काळात शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांचे लेखनही त्याच्या वाचकांपर्यंत गेले. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तो १९८१ साली झाला. कोकणातून माणसे मुंबईला जात होती, पण विचार मात्र अधूनमधून घाट चढून किर्लोस्करवाडीला जात होता.

लक्ष्मणराव स्वतः लेखक नव्हते. त्यांनी मासिकाला पैसा दिला, जागा दिली आणि मुख्य म्हणजे त्याच्या वाटेत ते आले नाहीत. कारखान्याच्या नावाने निघणाऱ्या मासिकात रूढींवर प्रखर टीका येत असता कोणता शेतकरी नाराज होईल आणि नांगर घ्यायचा थांबेल, हा हिशेब कोणत्याही व्यवस्थापकाने केला असता. नेतृत्वाचे एक अंग बोलण्यात आणि पुढे होण्यात असते. दुसरे, अधिक अवघड अंग अशा ठिकाणी हात आवरून धरण्यात असते. आपल्या विद्यापीठीय विभागांच्या नियतकालिकांचा अनुभव असणाऱ्यांना हे निराळे सांगावे लागू नये.

अस्पृश्यतेला कारखान्यात आणि वसाहतीत थारा नव्हता. याचा अर्थ तेथे जात नव्हती असा नाही. वाडीबाहेर पाऊल टाकताच ती होतीच, आणि माणसे ती घरातून बरोबर घेऊन येत असणार. परंतु कामाच्या जागी ती विचारायची नाही, हा संकेत होता. तो कोणत्याही नियमपुस्तिकेने दृढ झाला नाही. मालक स्वतः काय करतो, कोणाच्या हाती किल्ल्या देतो, हे रोज सर्वांना दिसत होते. वसाहत लहान होती, म्हणून ते दिसत होते. हीच या संस्कृतीची शक्ती होती आणि मर्यादाही. जी गोष्ट एका माणसाच्या नजरेवर उभी असते, ती त्या नजरेच्या टप्प्यापलीकडे आपोआप जात नाही. थोरले चिरंजीव शंतनुराव मॅसॅच्युसेट्समध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले आणि उद्योगाचा विस्तार होऊ लागला. १९४६ साली पुण्यात खडकी येथे तेल इंजिनांचा आणि बंगळूरला विद्युत यंत्रांचा उद्योग निघाला. तेथे प्रत्येक कामगाराला नावाने ओळखणे शक्यच नव्हते. वडिलकीवर चालणाऱ्या कारभारात कामगाराला प्रेम मिळते, न्यायही बहुधा मिळतो. परंतु न्याय मागण्याचा अधिकार मिळतोच असे नाही. हा आक्षेप लक्ष्मणरावांच्या हयातीत कोणी घेतला असो वा नसो, आज त्यांचे चरित्र वाचताना तो घ्यावा लागतो.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. किर्लोस्करवाडीही सुटली नाही. कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

ज्या वाडीने अडतीस वर्षे जन्म विचारायचा नाही असे ठरवले होते, तिला जन्मावरूनच जाळण्यात आले. या घटनेवर चरित्रकार भराभर पुढे सरकतात आणि कारखाना पुन्हा उभा राहिला या वाक्याशी थांबतात. कारखाना उभा राहिला, हे खरे आहे. पण येथे क्षणभर थांबायला हवे. वाडीच्या सीमेच्या आत जे रुजले होते, ते सीमेबाहेरच्या पंचक्रोशीत रुजले नव्हते. तेथील गावकरी नांगर घेत होते, काही जण कामालाही येत होते. तरी संकटाच्या घटकेला ही वाडी त्यांच्या दृष्टीने एका जातीचीच राहिली. संस्थेने आपल्यापुरते निरोगी असणे पुरेसे असते काय, हा प्रश्न त्या राखेतून उभा राहतो, आणि लक्ष्मणरावांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडत नाही. जमावाच्या कृत्याचे समर्थन त्यातून होत नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

शेवटी एक भाषिक निरीक्षण नोंदवतो. लक्ष्मणरावांचे जीवन आपल्यापर्यंत मुख्यतः त्यांच्या घरच्या माणसांच्या लेखणीतून आले आहे. शंकररावांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे चरित्र आणि शंतनुरावांचे आत्मकथन ही त्यांतील प्रमुख. त्यांच्या आधारे पुढे जे सांगितले आणि लिहिले गेले, त्यात सहकाऱ्यांची नावे कशी येतात ते पाहावे. शंभूराव, मंगेशराव, अनंतराव, रामूअण्णा. प्रत्येकाच्या नावाला आदरार्थी ‘राव’ किंवा नात्याचा प्रत्यय जोडलेला, आणि त्यापुढे आडनाव. पहारेकऱ्यांकडे आलो की तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ‘राव’ नाही, आडनाव नाही. आडनावाच्या जागी जात. एकाचे तर पाळण्यातले नावही आपल्याला माहीत नाही, हाकेचे तेवढे राहिले. वाडीत त्यांच्या कमरेला किल्ल्या होत्या, आणि वाडीच्या इतिहासात मात्र ते ज्या नावांनी राहिले ती चावडीवरच्या हजेरीतली नावे आहेत. प्रस्तुत लेखातही त्यांचा उल्लेख तसाच करावा लागला, कारण दुसरी नावे उरलेली नाहीत.